बर्फावर छोटी एअरबोट ताब्यातून सुटली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ओंटारिओत राहणाऱ्या मराठी घरांना आइस फिशिंग, म्हणजे गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे पकडणं, आता नवं राहिलेलं नाही. ऑफिसातला कुणीतरी एका शनिवारी गोठलेल्या तळ्यावर घेऊन जातो, पुढच्या हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडायचं स्वतःचं गिरमिट घरात येतं, आणि मग कधीतरी निरोप येतो की एक-दोन माणसांची वापरलेली एअरबोट स्वस्तात मिळतेय, घेतोस का? त्या निरोपानंतर जे प्रश्न पडतात त्यांची ही उत्तरं आहेत. इंजिन कुठलं चांगलं, किंमत किती द्यावी, हे इथे नाही. बोट बर्फावर ताब्यातून का सुटते, सुटू नये म्हणून काय करायचं आणि सुटलीच तर काय, एवढंच आहे. थोडं गणित येईल, पण शाळेतलंच.

एअरबोट म्हणजे नेमकं काय? आणि बोट बर्फावर कशाला?

सपाट तळाची होडी, मागे उंचावर बसवलेलं इंजिन, त्यावर विमानासारखा पंखा, पंख्याभोवती जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्याच्या मागे उभी सुकाणूची पाती. पाण्याखाली काहीच नाही. ना प्रोपेलर, ना पाण्यातलं सुकाणू. त्यामुळे ती उथळ पाण्यात, दलदलीत, गवतावर आणि बर्फावरही चालते. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने १९०५ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात अशी पहिली बोट केली. पुढे ती फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समुळे जगाला माहीत झाली, म्हणून अनेकांना ती मगरी बघायची बोट वाटते.

थंड प्रदेशात तिचं काम वेगळं आहे. तळं पूर्ण गोठलं की माणसं गाड्या घालतात, पूर्ण वितळलं की होड्या. मधले काही आठवडे, जेव्हा बर्फ गाडी पेलत नाही आणि होडीला वाटही देत नाही, तेव्हा हीच उपयोगी पडते. लेक सुपीरियरमधल्या मॅडलिन बेटावरची शाळकरी मुलं या दिवसांत विंडस्लेड नावाच्या, पंख्यावर चालणाऱ्या मोठ्या बंदिस्त बोटीतून पलीकडे बेफील्डच्या शाळेत जातात. बर्फ जाड झाला की त्याच वाटेवर गाड्यांचा रस्ता होतो आणि नाताळ उरकल्यावर टाकून दिलेली झाडं कडेने रोवून तो आखतात. फेब्रुवारी २००९ मध्ये लेक एरीवर किनाऱ्यालगतचा बर्फ तुटला आणि शंभराहून जास्त मासे पकडणारे तरंगत्या लादीवर अडकले. त्यांना आणायला हेलिकॉप्टरच्या जोडीला एअरबोटीच गेल्या होत्या.

म्हणजे चालवता आली तर यंत्र कामाचं आहे.

ब्रेक नाही म्हणतात. खरंच नाही?

खरंच नाही. बहुतेक छोट्या बोटींना रिव्हर्सही नाही. पाण्यावर हे खपून जातं, कारण रेस सोडली की पाणीच बोटीला धरतं. बर्फ धरत नाही.

ताबा सुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

एअरबोटीचं सुकाणू पंख्याच्या मागे असतं आणि ते वळवतं फक्त पंख्याने फेकलेली हवा. पाय पॅडलवर असला, पंखा जोरात फिरत असला, की पात्यांवर हवेचा झोत आदळतो आणि बोटीची शेपूट बाजूला ढकलली जाते. पाय उचलला की झोत गेला. मग हातातला दांडा कितीही ओढा, पाती हलतात, बोट ऐकत नाही. सायकल उतारावर असताना हँडल सुटून हातात यावं, तसा प्रकार होतो.

आता माणसाची सवय बघा. गाडी चालवणारा, स्कूटर चालवणारा प्रत्येक जण घाबरला की आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. वर्षानुवर्षं ते बरोबरच होतं. इथे तीच सवय अंगाशी येते. समोर बर्फावर मासे पकडणाऱ्यांची झोपडी दिसली, पाय आपोआप उचलला गेला, सुकाणू मेलं, वेग तर तसाच राहिला. आता बोट ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला, तितक्याच जोरात, फक्त तुमच्याशिवाय चालली आहे.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. गाडीचं नाक जिकडे, गाडी तिकडे, असं आपलं डोकं धरून चालतं, कारण चाक पुढे फिरतं पण आडवं सरकत नाही. एअरबोटीचा तळ सपाट. तिला पुढे सरकणं आणि आडवं सरकणं बर्फावर जवळजवळ सारखंच सोपं. त्यामुळे नाक डावीकडे वळलं तरी बोट सरळच जात राहते, नुसती तिरकी होऊन. नवख्याला वाटतं वळलो. वळलेलं असतं फक्त नाक.

तिसरं, एकदा फिरायला लागलेली बोट फिरतच राहते. ती थांबवणारं खाली काही नाही. दांडा मधे आणून गिरकी थांबत नाही. उलटा दांडा आणि सोबत थोडी रेस, दोन्ही एकदम द्यावं लागतं. हे तिन्ही ध्यानात आलं की बर्फावरच्या बहुतेक घोटाळ्यांचा उलगडा होतो.

थांबायला किती अंतर लागतं?

प्लास्टिकची शीट लावलेला तळ आणि उघडा गुळगुळीत बर्फ यांच्यातलं घर्षण फार कमी. हिशेबासाठी घर्षणांक ०.०५ धरू. वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वाकर्षणाच्या गुणाकाराची दुप्पट, हे सूत्र नववी-दहावीत केलेलं आहेच. उत्तरं अशी येतात: ताशी ३० किलोमीटरला सुमारे ७० मीटर, ५० ला सुमारे २०० मीटर, ८० ला अर्धा किलोमीटर. हवेच्या अडथळ्यामुळे थोडं कमी होईल. पण शून्याच्या आसपासच्या तापमानात, उन्हाने पाणावलेल्या बर्फावर घर्षण आणखी घटतं. ०.०३ धरलं तर ५० च्या वेगाला सव्वातीनशे मीटर होतात.

वेग दुप्पट केला की अंतर चौपट होतं, ही यातली खरी मेख आहे. मोकळ्या तळ्यावर ५० चा वेग काहीच वाटत नाही. जवळ झाड नाही, खांब नाही, कशाच्या तुलनेत वेग कळणार? म्हणून स्वस्तातला का होईना, जीपीएसवर चालणारा वेगमापक लावा आणि पहिला पूर्ण हिवाळा ३० ओलांडू नका. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझं मत आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

मग थांबवायची कशी?

साधा मार्ग म्हणजे लवकर ठरवणं. थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी रेस हळूहळू कमी करायची, पण पूर्ण सोडायची नाही. सुकाणूला ऐकू येईल इतका वारा शेवटपर्यंत ठेवायचा. वाटेत भुसभुशीत बर्फाचा पट्टा असेल तर तो वापरा. तिथे बोट आपोआप मंदावते.

दुसरा मार्ग अनुभवी लोक वापरतात: बोट गर्रकन उलटी फिरवायची आणि पंख्याचाच ब्रेक करायचा. दांडा पूर्ण एका टोकाला, रेसचा एक छोटा झटका, बोट फिरू लागली की उलटा दांडा आणि पुन्हा झटका देऊन गिरकी रोखायची. आता नाक जिथून आलो तिकडे आहे आणि बोट मागे मागे सरकते आहे. मग सरळ रेस द्यायची. समजा बोट आणि माणूस मिळून ३५० किलो आणि पंख्याचा जोर ७० किलोचा. म्हणजे वजनाच्या एक पंचमांश. घर्षणात तो मिळवला की ५० च्या वेगातून २०० मीटरऐवजी ४० मीटरच्या आत थांबता येतं.

ऐकायला झकास. पण फिरायलाच दोन-तीन सेकंद धरले तरी तेवढ्यात बोट ३० ते ४० मीटर पुढे गेलेली असते. शिवाय अर्धं फिरताना ती पूर्ण आडवी असते. आडव्या बोटीच्या कडेला बर्फाची एखादी उंचवट्याची रेघ लागली की ती अडखळून उलटते, कारण इंजिन आणि माणूस दोन्ही वरच्या अंगाला आहेत. म्हणून ही युक्ती कमी वेगात, काचेसारख्या साफ बर्फावर आधी शिकून घ्यायची असते. जीव धोक्यात असताना पहिल्यांदा करून बघायची नसते.

आणि वळायचं कसं?

वळणावर पोहोचून वळायचं नाही, त्याच्या खूप आधी. नाक वळणाच्या आतल्या बाजूला जास्तच वळवायचं आणि रेस द्यायची, म्हणजे पंखा बोटीला आत ढकलतो. कडेने पाहणाऱ्याला बोट खेकड्यासारखी तिरकी जाताना दिसते. ती चूक नाही, तिची चालच तशी आहे. रेस न देता निव्वळ घर्षणावर वळायचं म्हटलं तर ताशी ३० किलोमीटरलाही वळणाची त्रिज्या १४० मीटर होते. तेवढी जागा नेहमी नसते.

बोट आडवी घसरायला लागली किंवा गिरकी घेतेय. त्या क्षणी काय?

आधी समोर काय आहे ते बघा. दोनच शक्यता.

पुढे मोकळा बर्फ असेल तर काही करायची घाई नको. रेस झटकन सोडू नका, हलक्या पायाने कमी करा. उलटा दांडा आणि थोडी रेस देऊन गिरकी मोडा. नाहीच मोडली तर बसून राहा, वाकून घट्ट धरा आणि घसरू द्या. मोकळ्या जागेत घसरणारी बोट बहुतेक वेळा नुसती थांबते.

पुढे काही असेल, म्हणजे झोपडी, माणूस, उघडं पाणी, दगडी किनारा, तर नाक जिकडे जाऊन वाचाल तिकडे आणि मग रेस. इथे पाय दाबावा लागतो, आणि मन तर उचल म्हणत असतं. म्हणूनच सराव लागतो. अडथळ्यापासून नाक दूर वळलेलं असताना दिलेली रेस तुम्हाला त्यापासून ओढून काढते. नाक अडथळ्याकडेच असताना दिलेली रेस काय करते ते सांगायला नको.

दोन गोष्टी कधीच नाहीत. पाय बाहेर काढून बोट रोखायचा प्रयत्न करायचा नाही. आणि चालत्या बोटीतून उडी मारायची नाही. मागे पंखा आहे, आणि तुम्ही घसरत बोटीच्याच दिशेने जाणार आहात.

थ्रॉटल अडकलं आणि पंखा पूर्ण वेगात राहिला तर?

किल स्विच, म्हणजे दोरी ओढताच इंजिन बंद करणारं बटण. त्याची दोरी तुमच्या कमरेला किंवा मनगटाला बांधलेली असली पाहिजे, खुर्चीला नव्हे. इंजिन बंद केलं की सुकाणूही जातं हे खरं, पण वेग वाढत राहण्यापेक्षा बिनसुकाणूचं घसरणं परवडतं.

अडकण्याचं नेहमीचं कारण फार साधं आहे. पॅडलपासून इंजिनाकडे जाणाऱ्या केबलच्या आवरणात पाणी शिरतं. आदल्या दिवशी पाण्यातून गेलात, तुषार उडाले, रात्रभर बोट उघड्यावर राहिली, आणि सकाळी आत बर्फाचा बोळा बसलेला. गंमत अशी की थंड इंजिनावर पॅडल दाबलं तर ते खालीही जातं, फक्त परत वर येत नाही. म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी पॅडल तळापर्यंत दाबून सोडा आणि ते स्प्रिंगने टक्कन वर येतंय का ते बघा. कानाने ऐका. सावकाश येत असेल तर त्या दिवशी निघायचं नाही, केबल गरम जागेत नेऊन सुकवायची. सुकाणूच्या पात्यांच्या बिजागऱ्याही अशाच गोठतात. दांडा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मागे वळून पाती खरोखर हलली का ते डोळ्यांनी बघा. दांड्याच्या हातात आलेल्या जाणिवेवर भरवसा नको.

दांड्याचं म्हणाल तर बहुतेक बोटींत तो डाव्या हाताशी उभा असतो. पुढे ढकलला की बोट उजवीकडे, मागे ओढला की डावीकडे. काही छोट्या बोटींत स्टीअरिंग व्हील असतं. दुसऱ्याची बोट चालवायला घेण्याआधी विचारून घ्या. घाईत हात जुन्या सवयीनेच चालतो.

छोटी बोट जास्त सुरक्षित नाही का? इंजिनही लहान, वेगही कमी.

हा समज फार पसरलेला आहे. अंशतः खरा, बराचसा दिशाभूल करणारा.

लहान इंजिनाची बोट गवतावर टाकली तर जागची हलत नाही, आणि विकणारा तुम्हाला ती तिथेच दाखवतो. तुम्ही म्हणता, हिच्यात दम नाही. तीच बोट बर्फावर सोडली की इतकी पळते की विचारू नका, कारण घर्षणच उरलेलं नाही. वेग गाठायला थोडा जोर पुरतो. वेग मोडायला मात्र मोठा जोर लागतो आणि तो हिच्याकडे नाही. बचाव पथकांच्या मोठ्या बोटींना ताकदवान इंजिन दिलेलं असतं ते शर्यतीसाठी नाही. वळायला, थांबायला, वाऱ्याशी झुंजायला जास्तीचा जोर राखीव हवा म्हणून.

छोट्या बोटीत माणसाचं वजन हा मोठा हिस्सा असतो. जोडीदार फोटो काढायला एका बाजूला झुकला तरी तळाची एक कड दाबली जाते आणि बोट त्या बाजूला ओढ घेते. त्याशिवाय पंख्याची स्वतःची ओढ आहे: पंखा एका दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया बोटीला उलट्या दिशेने कलवते. जड बोटीत हे जाणवत नाही. हलक्या बोटीत अचानक पूर्ण रेस दिली की स्पष्ट जाणवतं.

वाऱ्याचा किती त्रास होतो?

अपेक्षेपेक्षा खूप जास्त. पंख्याचा पिंजरा आणि सुकाणूची पाती मिळून मागे एक शीडच उभं असतं. आडवा वारा आला की शेपूट वाऱ्याबरोबर ढकलली जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. त्याच वेळी अख्खी बोट वाऱ्याच्या दिशेने सरकत असते. पाठीवर वारा घेऊन जाणं सगळ्यात वाईट, कारण थांबायचं अंतर वाढतं आणि वेग जाणवत नाही. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना तो पाठीवर असेल तर वेग निम्मा ठेवा. भोवऱ्यासारखे झोत येत असतील तर घरीच बसा.

उभी केलेली बोटही पळून जाते, यावर नवखे विश्वास ठेवत नाहीत. इंजिन बंद, चालक उतरून मासे बघायला गेलेला, आणि बोट एकटीच वाऱ्यावर निघालेली. बर्फावरचे तंबू बांधायला फिरवून बसवायचे स्क्रू मिळतात, तोच एक बोटीत ठेवा आणि उतरल्या उतरल्या बोट बांधा.

एकाच तळ्यावर बोट कुठे नीट चालते, कुठे एकदम फिरते. असं का?

बर्फ सगळीकडे सारखा नसतो म्हणून. उघडा काळपट बर्फ सगळ्यात निसरडा, त्यावर वाऱ्याने जमवलेले भुरभुरीत बर्फाचे पट्टे धरून ठेवणारे. बोटीचं नाक पट्ट्यात शिरलं आणि शेपूट अजून काळ्या बर्फावर असली की पुढून धरलं जातं आणि मागून ढकललं जातं. गिरकी ठरलेली. पट्ट्यात तिरकं शिरलात तर एक बाजू आधी धरली जाते, गिरकी आणखी लवकर. त्यामुळे रंग बदलताना दिसला की त्याआधीच वेग कमी करा आणि पट्ट्याला काटकोनात भिडा.

दाबाने उभ्या राहिलेल्या बर्फाच्या कड्यांना, ज्यांना सगळे प्रेशर रिज म्हणतात, बोटीने ओलांडायला जाऊच नका. कडेच्या शेजारी अनेकदा उघडं पाणी असतं, आणि आडव्या बोटीला उलटवायला तीच कड पुरते.

बर्फावरून पाण्यात आणि पाण्यातून बर्फावर जाताना काय होतं?

बर्फावरून पाण्यात उतरताना वेग जास्त असेल तर नाक खाली जातं, पाणी बोट धरतं आणि माणसं पुढे फेकली जातात. हळू, सरळ आणि नाक थोडं उचललेलं राहील इतकी रेस. पाण्यातून बर्फावर चढताना उलट. जोर कमी पडला तर बोट काठ तोडत अडकून बसते, जोर जास्त दिला तर काठावर चढताक्षणी सुसाट सुटते. चढताना पाय दाबलेला असतो आणि चढल्यावर लगेच, पण हळूच, कमी करायचा असतो. हा पायाचा खेळ आहे, वाचून येत नाही.

बोट बर्फाला चिकटून बसली. सोडवताना ती एकदम सुटून पळाली. हे नेहमीचं आहे का?

अगदी नेहमीचं. थांबल्यावर तळाखालचं पाणी गोठतं आणि बोट जागीच रुतते. लोक काय करतात, पूर्ण रेस देऊन बसतात. बोट हलत नाही, हलत नाही, आणि हलली की पूर्ण ताकदीनिशी सुटते, तेव्हा समोर कोण उभा आहे याचा पत्ता नसतो. त्याऐवजी थोडी रेस देऊन दांडा पुढे-मागे करत शेपूट हलवा, चिकटा सुटतो. इंजिन बंद ठेवून दोघांनी बोट कडेने हलवून सोडवली तर सगळ्यात उत्तम. इंजिन चालू असताना मागे जाऊन ढकलायचं नाही, पिंजरा असला तरी.

तळाला प्लास्टिकची शीट लावावी का? की पट्ट्या?

दगड, कोरडं गवत, खडबडीत बर्फ यांसाठी जाड पॉलिमरची शीट चांगली. तळ झिजत नाही आणि चिकटतही कमी. पण त्याच शीटमुळे गुळगुळीत बर्फावर बोट आणखी सैल होते. ज्यांना मुख्यतः बर्फावरच जायचं आहे ते तळाला लांबीच्या दिशेने धातूच्या कोनी पट्ट्या लावतात. पट्टीची धार बर्फात थोडी रुतते आणि आडवं सरकणं कमी होतं. मात्र आडवी बोट धारेवर अडखळून उलटण्याची शक्यताही वाढते. म्हणजे वेग कमी ठेवणाऱ्याला पट्ट्या फायद्याच्या, वेड्या वेगाने जाणाऱ्याला घातक.

एअरबोट पाण्यावरही तरंगते, मग बर्फाच्या जाडीची चिंता का?

कारण तुम्ही बोटीतून उतरणार आहात. मासे पकडायला, बोट सोडवायला, बाहेर फेकले गेलात तर न विचारताच. मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग ताज्या, स्वच्छ बर्फासाठी पायी जाणाऱ्याला किमान १० सेंटिमीटर, म्हणजे ४ इंच, आणि स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच सांगतो. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ याच्या निम्म्याच ताकदीचा धरायचा. बोट पातळ बर्फावरूनही जाते आणि तुम्हाला अशा जागी सोडते जिथे पायी कुणीच पोहोचू शकत नाही. तिचा गुण तोच, आणि धोकाही तोच.

पाण्यात पडलो तर?

लाइफ जॅकेट अंगात हवं, बोटीत नव्हे. थंड पाण्यावर संशोधन करणारे मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी लोकप्रिय केलेला हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे, १ तास शुद्ध हरपेपर्यंत. पहिल्या मिनिटात धाप लागते, ती जाते. तेव्हा पोहायची धडपड नको, तोंड वर ठेवा. मग ज्या बाजूने आलात त्याच काठाकडे वळा, तिकडचा बर्फ तुम्हाला पेलत होता. गळ्यात लटकवायचे टोकदार खिळ्यांचे दोन दांडके मिळतात, ते काठात रुतवून पाय पाण्यात झाडत आडवं होऊन वर या आणि वर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा. फोन वॉटरप्रूफ पिशवीत आणि अंगावर हवा. बोटीच्या खणात ठेवलेल्या फोनचा काय उपयोग?

मुलांना नेलं तर चालेल का?

तुमचा ताबा पक्का होईपर्यंत नाही. नंतर न्याल तेव्हा कानांवर चांगले इअरमफ, पंख्याजवळ सैल मफलर किंवा ओढणी नाही, आणि पुढे बसलेल्या मुलाला आधीच सांगून ठेवा की घसरलो तर हलायचं नाही.

सराव कसा करायचा?

रिकामी, मोठी, भरपूर जाड बर्फाची जागा, वारा नाही असा दिवस, आणि काठावर फोन घेऊन उभा असलेला एक माणूस. मऊ प्लास्टिकचे शंकू मांडा, काही कठीण नको. आधी ताशी १५ किलोमीटरला फक्त थांबणं: ठरवलेल्या शंकूपाशी बोट किती पुढे जाऊन थांबते ते बघायचं, आणि ते अंतर पावलांनी मोजायचं. पहिल्या वेळी जवळपास सगळे शंकू ओलांडून जातात. मग गिरकी मुद्दाम घ्यायची आणि मोडायची, दोन्ही बाजूंना. एका बाजूला ती सहज मोडते, दुसऱ्या बाजूला कमी, पंख्याच्या ओढीमुळे. आपली कमजोर बाजू कुठली हे प्रत्येकाला ठाऊक हवं. शेवटी शंकूकडे सरळ जात असताना पाय न उचलता नाक दुसरीकडे वळवून रेस द्यायचा सराव. पाय उचलायची सवय मोडणं हेच खरं शिक्षण, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

लडाखच्या पँगाँग तळ्यावर चालेल का?

तळं हिवाळ्यात गोठतं, २०२३ मध्ये त्यावर अर्धमॅरेथॉनही झाली. पण ४,२०० मीटरच्या वर हवा समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच घनतेची. साध्या इंजिनाची ताकद तिथे तेवढीच घटते, आणि पंख्यालाही विरळ हवाच फेकावी लागते. बर्फ मात्र तितकाच निसरडा. म्हणजे बोट घसरायला तयार, आणि तिला वळवायला, थांबवायला लागणारा जोर तेवढा गेलेला. शिवाय तो सीमाभाग आहे, परवानग्यांचा विषय वेगळाच.

वापरलेली बोट बघायला चाललोय. काय तपासू?

सुकाणूच्या पात्यांना हाताने धरून हलवा. दांडा स्थिर असताना पाती बोटभर हलत असतील तर बर्फावर ती बोट सरळ ठेवताना घाम फुटेल. पिंजऱ्याच्या जाळीत हात जाईल एवढं भोक नसावं. पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेला खाच असेल तर किंमत कमी करण्यापेक्षा बोट सोडून द्या. किल स्विचची दोरी इंजिन चालू असताना ओढून दाखवा म्हणावं. पॅडल दाबून सोडा. तळाखाली आडवे पडून शीट कुठे उचलली आहे का, तिथे पाणी शिरून गोठल्याचे फुगवटे आहेत का ते बघा. आणि विकणारा म्हणाला की चला, बर्फावर एक चक्कर मारून दाखवतो, तर त्याला चालवू द्या, तुम्ही काठावरून त्याच्या थांबण्याकडे बघा.